एक शेतकरी, सहा पर्याय आणि परिचारिकेची परीक्षा

कपाशीवर फवारणी करता करता चक्कर येऊन पडलेल्या ४० वर्षांच्या शेतकऱ्याला नातेवाइकांनी दवाखान्याच्या आकस्मिक विभागात आणले आहे. फवारलेले औषध ऑर्गनोफॉस्फेट गटातले होते. या रुग्णात परिचारिकेला पुढीलपैकी कोणती लक्षणे आढळण्याची शक्यता आहे? लागू असलेले सर्व पर्याय निवडा.

१. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या
२. तोंडातून सतत गळणारी लाळ
३. कोरडी, तापलेली त्वचा
४. स्नायूंची थरथर
५. छातीत स्राव साचून होणारी घरघर
६. लघवी अडणे

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही परिचारिकेला हा रुग्ण अनोळखी नाही. पावसाळा सरत आला की पऱ्हाटीवर फवारणी वाढते आणि असे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेकडो जणांना विषबाधा झाली आणि अनेकांचे जीव गेले, ते या भागात अजून कोणी विसरलेले नाही. तरीही हाच रुग्ण कागदावर, किंवा हल्लीच्या रीतीने संगणकाच्या पडद्यावर, सहा पर्यायांसह समोर आला की भल्याभल्यांचा हात अडखळतो. चारांपैकी एक निवडायचा असता तर अडचण नव्हती. इथे किती निवडायचे हेच सांगितलेले नाही. एक बरोबर असेल, चार असतील, सहाच्या सहाही असतील.

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचे तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि या परीक्षेत हा प्रश्नप्रकार ठाण मांडून बसलेला आहे. कॅनडाने नोंदणीकृत परिचारिकांसाठी २०१५ पासून हीच परीक्षा स्वीकारली. परदेशात शिकून आलेल्या परिचारिकांसाठी ऑस्ट्रेलियातही ती द्यावी लागते. परीक्षार्थी मुली या प्रश्नांना ‘सॅटा’ म्हणतात. ‘सिलेक्ट ऑल दॅट अप्लाय’ या सूचनेतल्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. सॅटा म्हटले की पोटात गोळा येतो, तो का येतो आणि कसा जातो, हा इथला विषय आहे.

वर्धा जिल्ह्याला नर्सिंग शिक्षणाची जुनी सवय आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. तिकडे सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्हीकडे नर्सिंगची महाविद्यालये आहेत आणि दोन्हीकडच्या वॉर्डांत विदर्भाच्या खेड्यापाड्यांतले रुग्ण येतात. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण झाले, विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. आपल्याकडे त्यानंतर वेगळी परवाना परीक्षा नसते. परदेशाची वाट धरणाऱ्या मुलीला मात्र पदवी हातात असताना, कदाचित चार-पाच वर्षे वॉर्डात काढल्यावर, पुन्हा परीक्षेला बसावे लागते.

समजा, हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली मुलगी ही परीक्षा देते आहे. परीक्षेच्या नोंदणीचे २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर परीक्षा द्यायची म्हणून आणखी १५० डॉलर आणि त्यावर कर. कागदपत्रांच्या पडताळणीचा आणि इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळाच. परीक्षा केंद्र वर्ध्यात नाही. मुंबई, हैदराबाद, दिल्ली अशा मोठ्या शहरांत ते असते. म्हणजे रात्रीची गाडी पकडायची, परक्या शहरात मुक्काम करायचा आणि सकाळी पाच तासांच्या परीक्षेला बसायचे. नापास झाली तर पुढच्या प्रयत्नाआधी किमान ४५ दिवस थांबायचे आणि पैसे पुन्हा भरायचे. अमेरिकेत शिकलेल्यांच्या तुलनेत बाहेर शिकलेल्या परिचारिकांचे पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होण्याचे प्रमाण बरेच कमी आहे. या मुली ज्ञानात कमी असतात असे मानण्याचे कारण नाही. भाषा आहे, तिथल्या दवाखान्याची वेगळी रीत आहे आणि आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे प्रश्न सोडवण्याची सवय.

ही सवय दहावीपासूनची आहे. एक अचूक पर्याय असलेला प्रश्न आला की आपण पर्यायांची एकमेकांशी तुलना करतो. हा त्याच्यापेक्षा बरा, तो तर उघड चूक, उरलेल्या दोघांत हा जास्त बरोबर. शिकवणी वर्गांत याला ‘एलिमिनेशन’ म्हणतात आणि अनेक परीक्षांत ती पद्धत चांगली चालते. बहुउत्तरी प्रश्नात हीच पद्धत घात करते. इथे पर्यायांची आपापसात स्पर्धाच नसते. पाचवा पर्याय बरोबर ठरला म्हणून दुसरा चूक ठरत नाही. सहा पर्यायांचा एक प्रश्न म्हणजे प्रत्यक्षात सहा छोटे ‘बरोबर की चूक’ प्रश्न असतात, एकाच रुग्णाबद्दलचे.

म्हणून जाणकार शिक्षक पहिली सूचना देतात ती अशी : एका वेळी एकच पर्याय वाचा, बाकीचे झाका. सरावाच्या वेळी खरोखरच हाताने किंवा कागदाने झाका. झाकलेले नसतील तर नजर आपोआप तुलना करू लागते. मग मूळ प्रश्न पुन्हा वाचून त्या एका पर्यायापुढे स्वतःला विचारा, या रुग्णाबाबत हे खरे आहे का? हो किंवा नाही ठरवा आणि पुढे चला. दोन टिक झाल्या म्हणून तिसरी नको, किंवा एकच झाली म्हणून आणखी एखादी हवीच, हा हिशेब मनात येऊ द्यायचा नाही. ‘सहसा तीन बरोबर असतात’ असले ठोकताळे परीक्षेच्या आदल्या रात्री फार फिरतात. त्यांना काडीचा आधार नाही.

वरच्या शेतकऱ्याकडे असेच पाहू. ऑर्गनोफॉस्फेट शरीरात गेले की अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडते. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलिन एरवी काम झाले की लगेच मोडले जाते. विकर बंद पडल्यावर ते साचत जाते. निरोप थांबतच नाही. ग्रंथी वाहत राहतात, म्हणून लाळ, घाम आणि छातीतला स्राव. बाहुल्या आकसतात. स्नायूंना सारखा हुकूम मिळतो म्हणून ते थरथरतात आणि पुढे थकून लुळे पडतात. मूत्राशयही आकुंचन पावते, त्यामुळे लघवी अडण्याऐवजी नकळत होते. घामाने भिजलेल्या माणसाची त्वचा कोरडी असणार नाही. उत्तर झाले : १, २, ४ आणि ५.

इथे सहा लक्षणांची यादी पाठ करावी लागली नाही. एक यंत्रणा समजली आणि सहाही पर्यायांचा निकाल लागला. यादी पाठ करणारीची गाडी परीक्षेत एखादे लक्षण आठवले नाही की अडते. यंत्रणा माहीत असणारी ते लक्षण जागेवर तयार करू शकते. बहुउत्तरी प्रश्नांची सारी युक्ती खरे तर एवढ्यात आली, पण तेवढ्याने भीती जात नाही, कारण भीती गुणांची असते. म्हणून गुण कसे मिळतात ते नीट पाहिले पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पूर्वी हिशेब क्रूर होता. चारही बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही, तरच गुण. एक चुकला की शून्य. सहा पर्यायांत किमान एक निवडायचा म्हटले तर निवडीचे ६३ प्रकार होतात आणि त्यातला एकच बरोबर. अंदाजपंचे टिक करून तो सापडणे जवळपास अशक्य. सॅटाची दहशत त्या काळातली आहे आणि नियम बदलले तरी जुन्या नोट्सबरोबर ती पुढच्या तुकड्यांना मिळत राहिली आहे.

त्या तारखेपासून परीक्षेचे नवे रूप आले आणि अंशतः गुण मिळू लागले. ‘लागू असलेले सर्व निवडा’ या प्रकारात प्रत्येक बरोबर निवडीला एक गुण मिळतो आणि प्रत्येक चुकीच्या निवडीला एक कापला जातो. मात्र एका प्रश्नाचे गुण शून्याखाली जात नाहीत. आपल्याकडच्या परीक्षांपेक्षा हे वेगळे आहे. एम्सच्या नर्सिंग अधिकारी भरतीच्या नॉरसेट परीक्षेत चुकीच्या उत्तराचे एक-तृतीयांश गुण एकूण बेरजेतून जातात, म्हणजे एका प्रश्नातली चूक दुसऱ्या प्रश्नाची कमाई खाते. एनक्लेक्समध्ये एका प्रश्नातली कपात त्याच प्रश्नात संपते.

आता तीन मैत्रिणींनी शेतकऱ्याचा प्रश्न सोडवला असे धरू. पहिलीने १, २ आणि ५ निवडले. स्नायूंच्या थरथरीबद्दल तिला खात्री नव्हती म्हणून ते सोडले. तिला चारपैकी तीन गुण. दुसरीने १, २, ३ आणि ५ निवडले. तीन बरोबर, एक चूक, हातात दोन. तिसरीने ‘काही सुटायला नको’ म्हणून सहाही निवडले. चार बरोबर, दोन चूक, तिलाही दोनच. जुन्या नियमाने तिघींना शून्य मिळाले असते. सगळ्यावर टिक करण्याची ‘युक्ती’ सावध मैत्रिणीच्या मागेच राहते आणि चुकीचे पर्याय जास्त असतील तेव्हा तर शून्यावर येते.

यातून निघणारा नियम साधा आहे. एखादा पर्याय बरोबर असण्याची शक्यता चूक असण्यापेक्षा जास्त वाटत असेल तर तो निवडावा. पूर्ण खात्रीची वाट पाहिली तर हातचे गुण जातात. नुसते ‘असेल कदाचित’ म्हणून टिक केली तर मिळालेला गुण परत द्यावा लागतो. जिथे प्रश्नातच ‘तीन निवडा’ असा आकडा दिलेला असतो तिथे चुकीच्या निवडीला कपात नसते. त्यामुळे शंका असली तरी तीनही जागा भराव्यात. तिसरा एक प्रकार जोडीचा असतो : रुग्णाला अमुक धोका आहे, कारण त्याच्यात तमुक लक्षण दिसते. तिथे निष्कर्ष आणि कारण दोन्ही जुळले तरच गुण. म्हणून प्रश्नाखालची सूचना कोणती आहे हे आधी पाहायचे. घाईत हेच राहते.

सूचनेइतकाच मूळ प्रश्नही दुसऱ्यांदा वाचावा लागतो आणि याचे उत्तम उदाहरण पुन्हा तो शेतकरीच आहे. नव्या परीक्षेत प्रत्येकीला किमान तीन केस स्टडी येतात आणि एकाच रुग्णावर सहा-सहा प्रश्न असतात. रुग्ण पुढे सरकतो, प्रश्नही सरकतात. आपल्या शेतकऱ्याला अ‍ॅट्रोपिन सुरू झाले आहे. आता प्रश्न असा : औषध पुरेशा मात्रेत पोचले आहे हे कोणत्या गोष्टींवरून कळेल? पर्यायांत छातीतली घरघर थांबणे आहे, नाडी मिनिटाला ८० च्या वर जाणे आहे, काखेतला घाम सुकणे आहे. भ्रमिष्ट बडबड आणि अंगात ताप भरणेही आहे. पहिल्या प्रश्नात कोरडी त्वचा चूक होती. इथे कोरडी काख बरोबर आहे. शब्द जवळपास तोच, प्रश्न बदलला तसे उत्तर उलटले. बडबड आणि ताप ही मात्रा जास्त झाल्याची खूण आहे, पुरेशी झाल्याची नाही. रात्रपाळीत अ‍ॅट्रोपिनच्या रुग्णाजवळ बसलेल्या परिचारिकेला हा फरक कळला नाही तर गुणांपेक्षा बरेच काही जाऊ शकते.

पुढचा प्रश्न कृतीचा येईल : आल्याबरोबर काय करावे? हातमोजे घालून रुग्णाचे भिजलेले कपडे काढणे, साबण-पाण्याने अंग धुणे, श्वासमार्ग मोकळा ठेवून स्राव ओढून घेणे, हे बरोबर. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे किंवा उतारा म्हणून दूध-तूप देणे, हे चूक. हे दोन्ही उपाय गावात अजूनही होतात आणि रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत होऊन गेलेले असतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी काढायला लावली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट पर्यायांत दिसली की ओळखीची वाटते आणि ओळखीचे ते बरोबर वाटते. मनाची ही जुनी खोड आहे.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे घेऊ. विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. वेदनांचा झटका, म्हणजे क्रायसिस, घेऊन आलेल्या १९ वर्षांच्या मुलीची शुश्रूषा कशी करावी, असा प्रश्न आहे. भरपूर द्रव देणे, वेदनाशामक वेळेवर देऊन पुन्हा वेदना किती आहे ते तिलाच विचारणे, दुखऱ्या भागाला शेक देणे, हे तिन्ही बरोबर. बर्फाची पिशवी चूक, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी आणखी अडकतात. एक पर्याय फसवा असतो : ‘प्रत्येक रुग्णाला नेहमी ऑक्सिजन लावावा.’ रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण कमी असेल तर तो लावायचाच, सरसकट नाही.

‘नेहमी’, ‘कधीच’, ‘प्रत्येक’ असे शब्द दिसले की पर्याय चूक समजावा, अशी एक युक्ती शिकवली जाते. वरच्या उदाहरणात ती चालली. पण ‘प्रत्येक औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख दोन प्रकारे तपासावी’ या वाक्यातही ‘प्रत्येक’ आहे आणि ते निखालस बरोबर आहे. परिचर्येत काही नियमांना अपवाद नसतात. असल्या शब्दखुणांवर विसंबणारीला परीक्षक सहज पकडतात, कारण त्या खुणा त्यांनाही माहीत असतात. शब्द पाहून थबकावे, निकाल रुग्णाकडे पाहून द्यावा. एकमेकांच्या उलट असलेल्या दोन पर्यायांचेही तसेच. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत हे खरे, पण दोन्ही चूक असू शकतात.

वर्ध्याच्या वॉर्डात वाढलेल्या परिचारिकेला एक वेगळीच अडचण येते आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आपल्या वॉर्डात रुग्णाबरोबर नातेवाईक असतो. तो रुग्णाला उठवतो, भरवतो, लघवीचे भांडे देतो, डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगतो. ‘आजीला कॅन्सर आहे हे सांगू नका’ असेही तोच सांगतो आणि अनेकदा त्याचे ऐकले जाते. एनक्लेक्समधल्या दवाखान्यात हे बसत नाही. तिथे रुग्णाची माहिती रुग्णाची असते. शुद्धीतल्या प्रौढ माणसाने उपचार नाकारले तर मुलाच्या सहीने ते करता येत नाहीत. भाषा कळत नसेल तर मुलीला दुभाषी करायचे नसते, प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा असतो. कोणते काम सहायकाला द्यायचे आणि कोणते स्वतः करायचे, यावर तर ढीगभर प्रश्न असतात. स्थिर रुग्णाला आंघोळ घालणे सहायकाला देता येते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची पहिली तपासणी देता येत नाही. आपल्याकडे एकट्या सिस्टरच्या भरवशावर मोठा वॉर्ड चाललेला असताना हा प्रश्नच पडत नाही. म्हणून अशा पर्यायांपुढे ‘आमच्याकडे काय करतात’ हे क्षणभर बाजूला ठेवावे लागते. रोग तोच, औषध तेच, पण दवाखाना वेगळा आहे.

सराव किती आणि कसा करावा याबद्दल मानसशास्त्राने बरेच शोधून ठेवले आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून तो आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवणारे पुढे गेले. नोट्सला तिसऱ्यांदा रंगीत पेन फिरवताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण परीक्षा पाच मिनिटांनी नसते. पर्याय झाकून, केवळ प्रश्न वाचून ‘या रुग्णात मला काय दिसेल’ हे आधी कागदावर लिहायचे आणि मग पर्याय उघडायचे, ही रीत त्या दृष्टीने फायद्याची. त्याहून पुढची पायरी म्हणजे प्रत्येक पर्यायासमोर हो-नाहीबरोबर कारणही लिहिणे. उत्तर बरोबर आले आणि कारण चुकले, तर तो प्रश्न चुकला असेच धरावे.

‘पहिले सुचलेले उत्तर बदलू नये’ हा सल्ला तर घराघरांत दिला जातो. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या १,५६१ उत्तरपत्रिकांतली खोडाखोड तपासून २००५ साली निष्कर्ष मांडले. बदललेल्या उत्तरांपैकी सुमारे ५१ टक्के चुकीवरून बरोबर झाली होती आणि २५ टक्के बरोबरवरून चुकीची. उरलेली चुकीवरून चुकीकडेच गेली. बदल करून गुण गेले की त्याची हळहळ जन्मभर लक्षात राहते आणि बदल करून मिळालेले गुण विसरले जातात, म्हणून सल्ला टिकून आहे. एनक्लेक्समध्ये उत्तर नोंदवून पुढे गेले की मागे येता येत नाही आणि प्रश्न सोडताही येत नाही. तेव्हा बदलायचे असेल तर त्याच पडद्यावर असताना. नवे कारण सापडले असेल तर खुशाल बदलावे. फक्त जीव घाबरला म्हणून बदलू नये.

घाबरण्याचे निमित्त परीक्षेची रचनाच पुरवते. संगणक आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर येत गेले की अवघड प्रश्न येतात. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात आणि तुमची पातळी पुरेशा खात्रीने ठरली की परीक्षा बंद होते. त्यातले १५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत, ते भविष्यासाठी तपासले जात असतात, पण कोणते ते कळत नाही. ८५ वर पडदा बंद झाला तर पास की नापास, सॅटा भरपूर आले म्हणजे चांगले चालले आहे का, या चर्चांत परीक्षार्थी रात्री घालवतात. ८५ वर दोन्ही होऊ शकते. सॅटा सोपाही असतो आणि एक पर्यायी प्रश्न महाकठीणही असतो. १५० प्रश्नांना पाच तास म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटे. पर्यायागणिक विचार करायला ती पुरतात.

वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती. हाताने काम करता करता शिकावे, ही नयी तालीमची कल्पना तिथूनच देशभर गेली. पाठांतराला कंटाळलेल्या नर्सिंगच्या मुलींना ती आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. ड्युटी संपल्यावर त्या दिवशीचा एक रुग्ण, नाव-गाव वगळून, घ्यायचा आणि त्याच्यावर सहा पर्यायांचा एक प्रश्न स्वतः तयार करायचा. चुकीचे पर्याय बनवणे अवघड असते, कारण ते खरे वाटले पाहिजेत. ते बनवताना माणूस नेमका कुठे चुकतो हे कळते. मग मैत्रिणीने तो सोडवायचा आणि प्रत्येक पर्यायावर भांडायचे. याला पैसे पडत नाहीत आणि रुग्णांची वानवा तर नाहीच.

त्या शेतकऱ्याचा शेवटचा प्रश्न अजून राहिला आहे. आठवडाभराने तो बरा होऊन घरी निघाला आहे, सोबत बायको आहे. परिचारिकेने समजावून सांगितल्यावर दोघांच्या बोलण्यातली कोणती वाक्ये त्यांना नीट समजल्याचे दाखवतात? लागू असलेले सर्व निवडा.

१. ‘फवारणीचे कपडे मी घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवीन.’
२. ‘औषधाचा रिकामा डबा चांगला घासला की पाणी भरायला चालतो.’
३. ‘फवारणी झाली की आधी साबणाने अंघोळ, मग जेवण.’
४. ‘फवारता फवारता खर्रा खाल्ला तर काही होत नाही, हातमोजे असतात ना.’
५. ‘दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या आल्या किंवा पाय उचलेनासे झाले तर लगेच इकडे यायचे.’

उत्तर : १, ३ आणि ५. पायांतली कमजोरी या विषाचा उशिरा दिसणारा परिणाम असू शकते. आणि ज्या हातमोज्यांवर औषध उडाले आहे, त्याच हाताने खर्रा तोंडात जातो.